नागपूर परिसरातील लहान विमानांचे अपघात

नागपूरच्या सोनेगाव येथील विमानतळाची सुरुवात पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1917-18 च्या सुमारास, लष्करी विमानांचा तळ म्हणून झाली. दुसऱ्या महायुद्धात तो वाढला आणि युद्धानंतर नागरी वापरासाठी भारत सरकारच्या ताब्यात आला. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारही शहरांच्या मधोमध असल्याने लांब पल्ला न झेपणाऱ्या विमानांना नागपुरात उतरावेच लागे. टपालाची, प्रशिक्षणाची, भाड्याची आणि रुग्णवाहू अशी सर्व प्रकारची विमाने या आकाशातून गेली आहेत, आणि त्यांच्या अपघातांचा इतिहासही याच प्रदेशाच्या माळावर, नदीपात्रांत आणि डोंगरांत विखुरलेला आहे.

त्यातील सर्वांत जुने आणि ठळक प्रकरण रात्रीच्या हवाई टपालाचे. जानेवारी 1949 मध्ये ही सेवा खासगी कंपन्यांच्या विमानांनी सुरू झाली. चार महानगरांतून रात्री निघालेली चार विमाने मध्यरात्रीनंतर सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी ती आपापल्या शहरांकडे परतत. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कोलकात्यात पोहोचे, ते या मध्यरात्रीच्या देवघेवीमुळे. थैल्यांबरोबर काही प्रवासीही नेले जात. विमाने प्रामुख्याने डकोटा जातीची, महायुद्धातून उरलेली होती. त्या काळात ती मोठी समजली जात. आजच्या मापाने ती लहानच.

1 ऑगस्ट 1953 रोजी देशांतर्गत खासगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन अस्तित्वात आले. त्यानंतर जेमतेम चार महिन्यांनी, 12 डिसेंबर 1953 च्या पहाटे, चेन्नईकडे निघालेली टपालाची डकोटा सोनेगावहून उठता उठताच कोसळली. जमीन सुटताक्षणी डाव्या इंजिनाची शक्ती गेली, विमान एका अंगाला ओढले जाऊ लागले, दिशा सावरता आली नाही आणि काळोखात विमान उतरवण्याचा प्रयत्न फसला. 13 जण मृत्युमुखी पडले. मुख्य वैमानिक तेवढा वाचला. मृतांत कामगार चळवळीतील नेते आणि कानपूरचे खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. त्या रात्री गेलेल्या बाकीच्यांची नावे आज नागपुरातही कोणाला ठाऊक नाहीत, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

या अपघातात जे घडले त्याची कारणमीमांसा लहान विमानांच्या असंख्य अपघातांना लागू पडते. उड्डाणाचे पहिले अर्धे मिनिट सर्वांत नाजूक असते. उंची जवळजवळ नसते, वेग पुरेसा वाढलेला नसतो आणि इंजिनावर पूर्ण भार असतो. दोन इंजिनांच्या विमानात एक बंद पडले, की दुसऱ्याच्या जोराने विमान बंद इंजिनाच्या बाजूला वळू लागते. ते पायाच्या रडरने लगेच रोखावे लागते. एकच इंजिन असलेल्या विमानात ते गेले, तर समोर जी जागा दिसेल तिथे उतरणे हाच शहाणपणा. धावपट्टीकडे वळून परत येण्याचा मोह मात्र घातक ठरतो, कारण वळताना वेग घटतो, पंखांची उचल सुटते आणि विमान दगडासारखे खाली येते. हे प्रत्येक प्रशिक्षणार्थीला पहिल्या काही तासांतच शिकवले जाते. तरीही जगभर याच चुकीने माणसे मरत आली आहेत.

विदर्भाच्या उन्हाळ्याने त्यात आणखी भर पडते. सोनेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला, की तापलेली हवा विरळ होते आणि विमानाच्या लेखी धावपट्टी जणू 1450 मीटर उंचीवर असते, म्हणजे महाबळेश्वराच्याही किंचित वर. विरळ हवेत इंजिन कमी ताकद देते, पंखांना कमी आधार मिळतो, जमीन सोडायला जास्त धाव लागते आणि चढ मंदावतो. मोठ्या प्रवासी विमानाकडे ताकदीचा साठा असतो. सेस्ना 152 सारख्या 110 अश्वशक्तीच्या, दोन आसनी आणि पूर्ण भरल्यावरही जेमतेम 757 किलो वजनाच्या विमानाकडे तो नसतो. म्हणूनच या भागात प्रशिक्षणाची उड्डाणे उन्हाळ्यात सकाळच्या प्रहरीच उरकण्याकडे कल असतो.

नागपूर फ्लाइंग क्लब ही संस्था स्वातंत्र्याच्या सुमाराची. सेस्ना विमानांवर तिने विदर्भातील कितीतरी तरुणांना हात धरून उडायला शिकवले. पुढे तिचा कारभार विभागीय आयुक्तांच्या अखत्यारीत आला. सोनेगाववर प्रवासी विमानांची वर्दळ वाढत गेली तसतशी शिकाऊ विमानांना तिथे जागा अपुरी पडू लागली. क्लबचे प्रशिक्षण पुढे चंद्रपूरजवळच्या मोरवा धावपट्टीकडे वळले. गोंदियाजवळच्या बिरसी येथे 1940 च्या सुमारास ब्रिटिशांनी युद्धासाठी बांधलेला तळ होता. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल केंद्रात नागरी विमान वाहतूक खात्याचे मंत्री असताना त्याचे नशीब उजळले. तिथे भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडातील सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली. हिवाळ्यात उत्तरेत धुके दाटते, म्हणून रायबरेलीजवळच्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीही बिरसीचा वापर करू लागली. शहरापासून लांब, मोकळे आकाश आणि लांब धावपट्टी यांमुळे शिक्षण सोपे झाले. पण विमाने जिथे गेली, तिथे अपघातही गेले.

26 एप्रिल 2017 रोजी बिरसीहून निघालेले नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटचे डायमंड जातीचे विमान महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवर, वैनगंगेच्या पात्रावर आडव्या ताणलेल्या केबलला धडकले. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक तरुणी दोघेही जागीच ठार झाले. तारांचा धोका जमिनीवरून समजत नाही. खांब दिसतात, तार दिसत नाही. आकाशाच्या पार्श्वभूमीवर ती केसाएवढी असते आणि दिसते तेव्हा वळायला वेळ उरलेला नसतो. त्यामुळेच मोकळ्या प्रदेशातही जमिनीपासून किमान 150 मीटर उंची राखण्याचा नियम आहे, आणि नदी किंवा दरीवरून जाणाऱ्या तारांना रंगीत गोळे लावण्याची पद्धत जगात रूढ आहे. योगायोग असा, की त्यानंतर महिन्याभरातच, 25 मे 2017 रोजी, लातूर जिल्ह्यात निलंगा येथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उडताच तारांत अडकून कोसळले. ते आणि इतर सर्व बचावले, आणि तारांची चर्चा राज्यभर झाली. वैनगंगेवरच्या दोघांच्या मृत्यूची चर्चा मात्र गोंदिया-बालाघाटच्या पलीकडे फारशी गेली नव्हती.

18 मार्च 2023 रोजी दुपारी बिरसीहूनच निघालेले इंदिरा गांधी अकादमीचे विमान बालाघाट जिल्ह्यात भक्कूटोला गावाजवळच्या जंगली डोंगरात कोसळून जळाले. याही वेळी एक प्रशिक्षक आणि एक शिकाऊ तरुणी. गोंदियाच्या पूर्वेला आणि उत्तरेला सातपुडा-मैकलच्या रांगा सुरू होतात. नकाशावर त्या किरकोळ वाटतात, पण खालच्या उंचीवर उडणाऱ्या विमानाला त्या भिंतीसारख्या आडव्या येतात. रस्ता नसलेल्या त्या जंगलात शोध घेताना पोलिसांना गावकऱ्यांचाच आधार होता.

भाड्याच्या लहान विमानांचा प्रकार वेगळा. त्यांत बीचक्राफ्ट किंग एअर सी-90 हे दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे, सुमारे साडेचार टनांचे विमान भारतात बरेच वापरले गेले. 30 सप्टेंबर 2001 रोजी खराब हवामानात मैनपुरीजवळ काँग्रेस नेते माधवराव शिंदे यांचा बळी घेणारे विमान याच जातीचे होते. 28 जून 2018 रोजी दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणात मुंबईत घाटकोपरला पडलेले विमानही तेच. त्यात विमानातील चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी गेला.

नागपूरशी जोडलेली सी-90 ची घटना सुदैवाने सुखान्त ठरली. 6 मे 2021 रोजी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, रुग्ण घेऊन निघालेल्या एअर ॲम्ब्युलन्सचे एक चाक सोनेगावहून उडताना निखळून पडले. धावपट्टीच्या बाजूला पहाऱ्यावर असलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानाने ते पाहिले आणि तातडीने कळवले. विमान मुंबईकडे वळवण्यात आले, तिथल्या धावपट्टीवर फेस पसरण्यात आला आणि वैमानिकाने चाके बाहेर न काढता विमान पोटावर उतरवले. रुग्णासह पाचही जण सुखरूप बाहेर आले. वैमानिकाच्या कौशल्याचे कौतुक झाले ते योग्यच. पण चाक पडल्याचे वेळीच कोणी पाहिले नसते, तर ते कौशल्य वापरायची संधीच कदाचित मिळाली नसती. त्या जवानाचे काम वैमानिकाच्या कामाइतकेच मोलाचे मानले पाहिजे.

अपघातांच्या चौकशीचा पाया 1934 चा विमान कायदा आणि 1937 चे विमान नियम यांनी घातला. अनेक दशके नागरी विमान वाहतूक महासंचालनालयच परवाने देई, तपासणी करी आणि अपघातानंतर चौकशीही करी. आपल्याच कामाचा न्याय आपणच करण्याची ही व्यवस्था सदोष होती. 2012 मध्ये विमान अपघात तपास ब्युरो स्वतंत्रपणे स्थापन झाला, 2017 मध्ये त्याचे नियम नव्याने आले आणि 1 जानेवारी 2025 पासून 1934 च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. ब्युरोचा हेतू दोष कोणाच्या माथी मारण्याचा नसून पुन्हा तसे घडू नये हा असतो, आणि त्याचे अंतिम अहवाल सर्वांना वाचायला खुले असतात.

ते अहवाल इंग्रजीत असतात. वैनगंगेकाठच्या किंवा भक्कूटोल्याच्या माणसांपर्यंत ते पोहोचत नाहीत. आणि लहान विमान पडते तेव्हा सर्वांत आधी धावून जातात ती हीच माणसे. प्रत्येक अहवालाचा सारांश मराठीत आणि हिंदीत काढून तो संबंधित ग्रामपंचायतींकडे आणि तहसील कार्यालयांकडे पाठवावा. प्रशिक्षणाच्या क्षेत्रातील नदीवरच्या प्रत्येक तारेवर रंगीत गोळे लावण्याचे कामही जिल्हा प्रशासनाने हाती घ्यावे. या दोन्ही गोष्टींना लागणारा खर्च एका शिकाऊ विमानाच्या किमतीपुढे नगण्य आहे.