मोसम बदलला तेव्हा : फ्रेंच रिव्हिएरावरील परदेशी वस्तीचा इतिहास

इटलीच्या सीमेपासून पश्चिमेकडे, आल्प्सच्या पायथ्याशी पसरलेल्या भूमध्यसागरी किनारपट्टीला फ्रेंच रिव्हिएरा म्हणतात. तिचा उन्हाळा आज जगभर प्रसिद्ध असला, तरी नीस, कान, आंतीब आणि मांतों ही तिच्यावरची गावे नावारूपाला आली ती हिवाळ्यामुळे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिल्या महायुद्धापर्यंत इंग्रज, रशियन आणि अन्य उत्तर युरोपीय कुटुंबे येथे शरद ऋतूच्या अखेरीस येत आणि मे महिना लागता लागता परतत. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर थांबणे प्रकृतीला अपायकारक आणि प्रतिष्ठेला न शोभणारे मानले जाई.

या समजुतीचे मूळ त्या काळच्या वैद्यकात होते. क्षयरोगावर औषध नसल्यामुळे डॉक्टर रुग्णाला कोरड्या व सौम्य हवेत पाठवत, आणि लंडनच्या धुक्यातून सुटू पाहणाऱ्यांना नीसचे ऊन जवळचे होते. स्कॉटिश कादंबरीकार व वैद्य टोबायस स्मॉलेट १७६३च्या अखेरीस नीसला आला आणि पुढच्या मे महिन्यात समुद्रस्नान करू लागला, तेव्हा क्षयी दिसणारा माणूस पाण्यात उतरतो याचे गावकऱ्यांना नवल वाटले आणि काही डॉक्टरांनी त्याचा मृत्यू ओढवणार असे भाकीत केले. स्मॉलेटची प्रकृती मात्र सुधारली. तरीही त्याच्या प्रवासवर्णनाच्या इंग्रज वाचकांनी उचलली ती नीसच्या हिवाळ्याची ख्याती. स्नानाचा धडा दीड शतक बाजूला राहिला. १८५९मध्ये जेम्स हेन्री बेनेट हा इंग्रज डॉक्टर स्वतः क्षयाने खंगून मांतोंला आला, बरा झाला आणि त्या हवेवर त्याने पुस्तक लिहिले. त्यानंतर ते छोटे गाव रुग्णांनी आणि त्यांच्या नातलगांनी भरून गेले.

१८६०मध्ये नीस सार्डिनियाच्या राज्याकडून फ्रान्सकडे आले, १८६४मध्ये रेल्वे पोहोचली, आणि हिवाळी वस्तीला स्थिर रूप आले. अँग्लिकन चर्च, इंग्रजी वाचनालय, इंग्रज डॉक्टर आणि औषधविक्रेता यांच्या आधाराने ही कुटुंबे फ्रेंच समाजाशी फारसा संबंध न ठेवता महिनोन्‌महिने राहत, आणि कोण कोणत्या हॉटेलात उतरले याच्या याद्या स्थानिक वृत्तपत्रे छापत. नीसचा प्रसिद्ध किनारी रस्ता, प्रोमनाद देझांग्ले, हीसुद्धा याच वस्तीची देणगी आहे : १८२०च्या दशकाच्या आरंभी कडाक्याच्या थंडीने संत्र्यांच्या बागा करपून मजूर बेकार झाले, तेव्हा लुईस वे या इंग्रज धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने वर्गणी जमवून त्यांना या वाटेच्या बांधकामावर लावण्यात आले. राणी व्हिक्टोरिया १८९५पासून १८९९पर्यंत दर वसंतात नीसच्या सिमिए टेकडीवर येई आणि तिच्या परिवारात अब्दुल करीम हा तिचा हिंदुस्थानी मुनशीही असे.

पाहुणे परतले की मोठ्या हॉटेलांच्या झडपा लागत आणि त्यांतील बरेचसे नोकर उत्तरेकडील खनिज झऱ्यांच्या गावी दुसऱ्या मोसमाच्या चाकरीला जात. मागे राहिलेल्या गावकऱ्यांचा उन्हाळा मात्र रिकामा नव्हता. मासेमारी चालू असे. किनाऱ्यापासून थोडे आत असलेल्या ग्रास या अत्तरांच्या गावाच्या शिवारात ऑगस्टपासून चमेलीची तोडणी सुरू होई, आणि ऊन चढल्यावर फुलांचा सुगंध उतरत असल्यामुळे बायकामुले पहाटेपासूनच टोपल्या घेऊन वाकून कळ्याफुले खुडत. उन्हाळी रिव्हिएराचा शोध अमुक परदेशी माणसाने लावला असे लिहिणाऱ्यांना ही माणसे दिसत नाहीत, हे त्या लेखनाचे मोठेच वैगुण्य आहे.

त्या प्रचलित कथेचे नायक म्हणजे जेरल्ड आणि सारा मर्फी हे अमेरिकन दांपत्य. संगीतकार कोल पोर्टरने १९२२च्या उन्हाळ्यात आंतीबच्या भूशिरावर घर घेतले होते, तेथे ते प्रथम आले. पुढच्या वर्षी त्यांनी हॉटेल द्यु कापच्या आंत्वान सेल्ला या मालकाला, एरवी उन्हाळ्यात बंद राहणारे हॉटेल मोजक्या नोकरांवर उन्हाळाभर अंशतः उघडे ठेवण्यास राजी केले. ला गारूप या लहानशा वाळूपट्टीवर समुद्रशेवाळाचा जाड थर साचलेला होता, तो जेरल्ड रोज दंताळ्याने ओढून थोडा थोडा साफ करी. गावातील दूरध्वनी सेवा दुपारी दोन तास बंद राही आणि सायंकाळी सातनंतर मिळतच नसे. त्याच उन्हाळ्यात चित्रकार पिकासो पत्नी, मुलगा आणि आईसह तेथे आला. जेरल्डने आडव्या पट्ट्यांचा खलाशांचा सदरा घालायला सुरुवात केली आणि कामकऱ्याचा तो पोशाख लवकरच सुटीचा पोशाख ठरला.

मर्फींनी वाट दाखवली हे खरे. पण ती रुंद झाली ती त्यांच्या हाती नसलेल्या कारणांनी. महायुद्धापूर्वी एका डॉलरला पाच फ्रँक मिळत, ते जुलै १९२६पर्यंत पन्नासच्या आसपास मिळू लागले, त्यामुळे मध्यम मिळकतीच्या अमेरिकन लेखकालाही घर, स्वयंपाकी आणि दाई परवडू लागली. वैद्यकानेही दिशा बदलली : ऊन अंगावर घेऊन क्षयावर उपाय करण्याची सूर्यकिरणोपचार पद्धती स्वित्झर्लंडमधील ऑग्युस्त रोलिए यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केली होती, आणि छत्रीआड जपलेल्या गोऱ्या कातडीऐवजी उन्हाने रापलेली कातडी आरोग्याची खूण ठरली. क्रांतीमुळे देशोधडीला लागलेले रशियन तर आता मोसमापुरते येत नव्हते. परतायला घरच न उरल्यामुळे ते बारा महिने तेथे राहिले आणि अनेकांनी टॅक्सी चालवून किंवा शिवणकाम करून पोट भरले.

१९३०च्या दशकात बहुतेक हॉटेले उन्हाळ्यातही उघडी राहू लागली. जून १९३६मध्ये फ्रान्सच्या पॉप्युलर फ्रंट सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा केला आणि रेल्वेच्या तिकिटात ४० टक्के सवलत मिळाली, तेव्हा आयुष्यात प्रथमच समुद्र पाहणारी कुटुंबे या वाळूवर आली. परदेशी हिवाळकऱ्यांना समुद्राची दमट हवा टाळायची असल्यामुळे ते टेकडीवरची जागा पसंत करत. उन्हाळी पाहुण्याला पाण्याचा काठच हवा होता, म्हणून वस्तीचे मोल टेकडीवरून खाली किनाऱ्याकडे सरकले. व्हिक्टोरियाच्या मुक्कामासाठी सिमिएवर १८९७मध्ये उघडलेले भव्य रेजिना हॉटेल याच दशकात निवासी सदनिकांत विभागले गेले, आणि १९३८पासून त्यातील एका सदनिकेत चित्रकार आँरी मातीस राहू लागला.