ज्यूकबॉक्समधील विद्युत दोषांचे निदान

ज्यूकबॉक्स हे नाणे टाकून बटणाने निवडलेली ध्वनिमुद्रिका आपोआप वाजविणारे यंत्र आहे. वुर्लित्झर, सीबर्ग, रॉक-ओला आणि ए.एम.आय. या अमेरिकन कंपन्या त्याच्या प्रमुख उत्पादक होत्या. सीबर्गने १९४८ मध्ये १०० गाण्यांतून निवड करता येणारे, तर १९५० मध्ये ४५ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठीचे यंत्र बाजारात आणले. मुंबईत कुलाब्यातील कॅफे मोंडेगार ज्यूकबॉक्ससाठी ओळखले जाते. जुन्या यंत्रांतील बरेच दोष पुरवठ्यातील फरक, जीर्ण कपॅसिटर आणि गंजलेले संपर्कबिंदू यांतून उद्भवतात.

सुरक्षितता

व्हॉल्व्ह असलेल्या विवर्धकात ३०० व्होल्टांहून अधिक दाब असू शकतो. वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरतो व त्याचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. म्हणून प्लग काढून, योग्य रेझिस्टरद्वारे हा भार उतरवून आणि मीटरने खात्री करूनच आत हात घालतात. अनेक जुन्या यंत्रांना अर्थिंग नसते. ते प्रथम जोडून घेणे आवश्यक असते.

वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र थेट चालू केल्यास ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो. त्यामुळे कारागीर पहिल्या चाचणीत विवर्धकाच्या पुरवठ्याशी तंतूचा बल्ब सिरीजमध्ये जोडतात. बल्ब सतत प्रखर राहिल्यास आत शॉर्टसर्किट असल्याचा संशय घेतला जातो.

वीजपुरवठा आणि वेग

अमेरिकन यंत्रे सुमारे ११७ व्होल्ट व ६० हर्ट्झ पुरवठ्यासाठी बनविलेली असतात; भारतात पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ असतो. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरते, परंतु वारंवारता बदलत नाही. परिणामी ४५ फेऱ्यांची तबकडी मिनिटाला सुमारे ३७.५ फेरेच घेते आणि गाणे संथ व सुमारे तीन अर्धस्वर खाली वाजते. हा विवर्धकाचा दोष नव्हे. त्यासाठी ५० हर्ट्झला योग्य पुली, दंतचक्र किंवा मोटर बसवावी लागते.

निवड यंत्रणा

अक्षर आणि अंक अशा दोन बटणांनी गाणे निवडणाऱ्या यंत्रात बिघाडाचा आकृतिबंध महत्त्वाचा असतो. एकाच अक्षराची सर्व गाणी निवडली जात नसतील, तर त्या अक्षराचा संपर्कबिंदू तपासतात. एकच गाणे लागत नसेल, तर त्या गाण्याची कॉइल किंवा स्वतंत्र जोडणी सदोष असते. काहीच निवडले जात नसेल, तर फ्यूज, सामाईक पुरवठा व नाणेयंत्रणेचा स्विच पाहिला जातो. सीबर्गच्या १९५५ मधील व्ही-२०० या यंत्रात निवड लक्षात ठेवण्यासाठी फेराइटच्या कड्यांची स्मृती वापरली होती.

ध्वनीतील दोष

सततची गुणगुण ऐकू आल्यास आवाज पूर्ण कमी करून पाहतात. ती तशीच राहिली, तर पुरवठ्यातील जीर्ण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर संशयित ठरतात. नाहीशी झाली, तर पिकअप, त्याची संरक्षित तार किंवा आरंभीचा टप्पा तपासतात. गळती लागलेल्या कागदी कपॅसिटरमुळे आवाज फाटतो आणि व्हॉल्व्ह अतितप्त होतो. अशा वेळी केवळ व्हॉल्व्ह बदलल्यास नवा व्हॉल्व्हही लवकर निकामी होतो.

किनारी हवामानाचा परिणाम

खारदांडा, वर्सोवा यांसारख्या मुंबईच्या समुद्रालगतच्या वस्त्यांत खारी हवा आणि पावसाळी दमटपणा यांमुळे गंज वेगाने चढतो. रिले, स्विच आणि व्हॉल्व्हच्या सॉकेटवर थर साचून बिघाड अधूनमधून दिसतो व नाहीसा होतो. संपर्क स्वच्छक वापरून ते पुसतात. जाड सँडपेपरने त्यांवरील मुलामा निघून जातो. काही जुन्या पिकअपमधील रोशेल क्षाराचा स्फटिक ओलाव्याने कायमचा खराब होतो. तो दुरुस्त होत नसल्याने पिकअपचे कार्ट्रिज बदलावे लागते.

नाणेयंत्रणा

नाणेयंत्रणा नाण्याचा व्यास, वजन व धातू पारखते. लोखंडी खोट्या चकत्या अडविण्यासाठी तिच्यात चुंबक असतो. भारतातील फेरिटिक स्टेनलेस स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, त्यामुळे यंत्र निर्दोष असूनही नाणे नाकारले जाऊ शकते. शिवाय २५ पैसे व त्याहून कमी मूल्याची नाणी २०११ मध्ये चलनातून बाद झाली. अशा यंत्रांत मूळ नाणेयंत्रणा जपून ठेवून, नाण्याऐवजी निवडीचा संकेत देणारे स्वतंत्र बटण जोडता येते.