घड्याळ नसलेली तार : दिव्यांची पट्टी, ड्रायव्हर आणि बेंगळुरू

२९ एप्रिल ते १ मे २०२२ या काळात बेंगळुरूत पहिली 'सेमिकॉन इंडिया' परिषद भरली. दोनच दिवस आधी, २७ एप्रिलला, केंद्र सरकारने 'डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह' हा कार्यक्रम जाहीर केला होता. रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर आधारलेले प्रोसेसर भारतात घडवावेत, हा त्याचा हेतू. चिपचा आराखडा, तिचा कारखाना आणि त्यासाठीचे भांडवल यांविषयी त्या दिवसांत पुष्कळ बोलले गेले. एका गोष्टीची चर्चा मात्र अशा प्रसंगी सहसा होत नाही. ती गोष्ट म्हणजे ड्रायव्हर.

चिप कारखान्यातून बाहेर पडली म्हणजे ती वापरण्याजोगी झाली, असे नाही. तिला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाशी कोणत्या भाषेत आणि कोणत्या वेगाने बोलायचे, हे सांगणारी छोटी आज्ञावली कोणीतरी लिहावी लागते. तीच ड्रायव्हर. तिचे महत्त्व समजून घ्यायचे असेल तर बेंगळुरूच्या सदर पत्रप्पा रस्त्यावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या एस. पी. रोडवर, मीटरच्या हिशेबाने मिळणारी रंगीत एलईडी दिव्यांची पट्टी हे उत्तम उदाहरण आहे. वस्तू साधी, पण ती पेटवण्याचा इतिहास हा वेळेवर ताबा मिळवण्याचा इतिहास आहे.

दिव्यांच्या माळेला हालचाल देण्याची कल्पना संगणकाहून स्वतंत्रपणे वाढली. पश्चिम बंगालमधील चंदननगर जगद्धात्री पूजेच्या रोषणाईसाठी प्रसिद्ध आहे. श्रीधर दास यांच्यासारख्या कलावंतांनी ती कला देशभर नेली. तेथील कारागीर मोटरवर फिरणारा रूळ वापरत. रुळावर धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असत; रूळ फिरे तसा एकेका दिव्यांच्या गटाचा संपर्क जुळे आणि तुटे, आणि मोराचा पिसारा फुलल्याचा भास होई. चित्राची सारी माहिती त्या रुळावरच कोरलेली असे. अडचण तारांची होती : स्वतंत्रपणे पेटवायच्या प्रत्येक गटाला स्वतंत्र तार हवी. गट वाढले की तारांचे जंजाळ वाढे.

बेंगळुरूचा या कथेशी संबंध १९८५ पासून जोडता येतो. त्या वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने मिलर्स रोडवरील सोना टॉवर्समध्ये आपले आरेखन केंद्र सुरू केले. याच कंपनीने १९७४ मध्ये टीएमएस १००० हा प्रारंभीच्या मायक्रोकंट्रोलरांपैकी एक बाजारात आणला होता. प्रोसेसर, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी जोडणारे मार्ग त्यात एकाच चिपवर होते. परदेशी कंपनीने भारतात असे संशोधन-केंद्र काढण्याची ती सुरुवात. परदेशाशी संपर्कासाठी स्वतंत्र उपग्रह-अँटेना बसवावी लागली, आणि तिची सामग्री बैलगाडीतून नेली गेल्याची आठवण बेंगळुरूच्या तंत्रज्ञान-इतिहासात आजही सांगितली जाते. पुढे अनेक कंपन्या आल्या आणि हे शहर चिप-आरेखनाचे केंद्र बनले. दरम्यान अभियांत्रिकी महाविद्यालयांत इंटेलचा ८०५१ हा १९८० चा मायक्रोकंट्रोलर अभ्यासक्रमात रुजला. एका पायावर एक एलईडी जोडून तो लुकलुकवणे हा विद्यार्थ्यांचा पहिला धडा ठरला.

एका दिव्याकडून शेकडो दिव्यांकडे जाण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. पहिली रंगांची. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी सिद्ध केला; पण तेजस्वी निळ्या दिव्यासाठी १९९३ पर्यंत थांबावे लागले. तो निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी साकारला. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लाल, हिरवा आणि निळा हाती आल्यावर कोणताही रंग घडवता येऊ लागला. दुसरी गोष्ट नियंत्रणाची. चीनच्या वर्ल्डसेमी कंपनीने डब्ल्यूएस२८१२ या रचनेत तिन्ही रंगांचे दिवे आणि त्यांचे नियंत्रण करणारी चिप ५ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या एकाच वेष्टनात बसवली. २०१२ नंतर हा दिवा छंदी तंत्रज्ञांच्या हाती पोहोचला. अमेरिकेतील अ‍ॅडाफ्रूट कंपनीने त्याला दिलेले 'निओपिक्सेल' हे नाव सर्वत्र रूढ झाले.

या पट्टीला माहितीसाठी एकच तार लागते. प्रत्येक दिव्याला २४ बिट हवे असतात : हिरव्यासाठी ८, लालसाठी ८ आणि निळ्यासाठी ८. इंग्रजी नावात 'पत्ता' असला तरी तारेतून कोणाचाही पत्ता जात नाही. पंगतीत पहिल्याने आपल्या पानात वाढून घ्यावे आणि भांडे पुढे सरकवावे, तसा पहिला दिवा पहिले २४ बिट स्वतःसाठी ठेवतो आणि उरलेले पुढे पाठवतो. दुसरा तेच करतो, तिसराही तेच. तार ठरावीक काळ शांत राहिली की सर्व दिवे नवे रंग एकदम धारण करतात. मूळ रचनेत हा काळ किमान ५० मायक्रोसेकंदांचा सांगितला होता.

खरी मेख बिटांच्या लिपीत आहे. अनेक संदेशप्रणालींत माहितीच्या तारेबरोबर घड्याळाची वेगळी तार असते. तिच्यावर ठोका पडला की बिट वाचायचा. एपीए१०२ या प्रकारच्या पट्टीत अशी तार असते. डब्ल्यूएस२८१२ मध्ये ती नाही. येथे काळाची लांबी हाच अर्थ. एका बिटाला सुमारे १.२५ मायक्रोसेकंद मिळतात. त्यातील पहिले सुमारे ०.४ मायक्रोसेकंद विद्युतदाब उंच राहिला तर शून्य, सुमारे ०.८ मायक्रोसेकंद राहिला तर एक. चुकीला मुभा ०.१५ मायक्रोसेकंदांची.

आता हे मोजमाप आर्डुइनो उनोच्या मायक्रोकंट्रोलरसमोर ठेवून पाहावे. २०१० मध्ये आलेला हा बोर्ड जगभरच्या विद्यार्थ्यांप्रमाणे भारतीय विद्यार्थ्यांच्याही हाती आला. त्याचे घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देते. म्हणजे एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा. एका बिटासाठी मिळतात अवघे २० ठोके. त्यातच पायाची पातळी उंचवायची, योग्य क्षणी खाली आणायची, पुढचा बिट काढायचा आणि बाइट संपल्यास नवा आणायचा. आर्डुइनोमधील पायाची पातळी बदलणारी नेहमीची सोयीची आज्ञा एकटीच काही मायक्रोसेकंद घेते. तेवढ्यात दोन-तीन बिट निघून जायला हवेत. म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना थेट असेंब्ली भाषेत उतरावे लागले. प्रत्येक आज्ञेला किती ठोके लागतात हे मोजायचे आणि कमी पडतील तेथे काहीही न करणारी आज्ञा पेरायची, अशी ही शिस्त होती.

तिची किंमतही होती. प्रक्षेपण चालू असताना मध्येच इंटरप्ट आला, म्हणजे दुसऱ्या कामाने प्रोसेसरचे लक्ष वेधले, तर शून्याचा स्पंद लांबून एक होतो आणि दिवा भलताच रंग दाखवतो. म्हणून ड्रायव्हर त्या काळापुरते सर्व इंटरप्ट बंद करतो. एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद, तर ५०० दिव्यांना १५ मिलिसेकंद. आर्डुइनोचे अंतर्गत काळमापन मात्र साधारण दर मिलिसेकंदाला येणाऱ्या इंटरप्टवरच चालते, आणि बंदीच्या काळात त्यांपैकी एकच प्रलंबित म्हणून लक्षात राहतो. पट्टी सतत ताजी करत राहिल्यास बोर्डाचे घड्याळ मागे पडू लागते. दिव्यांना अचूक वेळ द्यावी, तर स्वतःची वेळ हरवते. ही केवळ गैरसोय नव्हे. त्याच चिपकडे मोटर थांबवण्याचे किंवा एखाद्या संवेदकावर नजर ठेवण्याचे काम असेल, तर हरवलेले १५ मिलिसेकंद महागात पडू शकतात.

या अडचणीतून मार्ग निघाला तो खुल्या ज्ञानामुळे. डॅनियल गार्सिया आणि मार्क क्रिग्समन यांनी घडवलेल्या 'फास्टएलईडी' या मुक्त संग्रहाने अनेक चिपांसाठी ही मोजदाद एकदाच नीट करून सर्वांना दिली. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ झालेल्या नौका-दुर्घटनेत गार्सिया यांचे निधन झाले. त्यांची संहिता खुली असल्यामुळे इतरांना ते काम पुढे नेता आले. इतर काहींनी माहितीपत्रकावर विसंबून न राहता ऑसिलोस्कोप लावून प्रत्यक्ष दिवेच तपासले. २०१४ च्या सुमारास त्यांना दिसून आले की, खरोखर कडक बंधन एकच आहे : शून्याचा उंच स्पंद लांबता कामा नये. दोन बिटांमधली शांतता मात्र सुमारे ५ मायक्रोसेकंदांपर्यंत ताणली तरी त्या दिव्यांचे बिघडत नव्हते. म्हणजे दोन बिटांच्या मध्ये छोट्या इंटरप्टला वाट देता येत होती. छापील आकड्यांमागे वस्तूचे वास्तव वर्तन काय आहे हे मापनाने शोधणे, हा विज्ञानाचाच धडा होता.

पुढचा टप्पा म्हणजे वेळ पाळण्याचे काम प्रोसेसरकडून काढून घेणे. एसपीआय या अंगभूत जोडणीतून सेकंदाला २४ लाख बिट पाठवले आणि शून्यासाठी १००, एकसाठी ११० अशी त्रिके योजली, तर हवे तेच स्पंद आपोआप तयार होतात. डीएमए ही यंत्रणा स्मृतीतली माहिती प्रोसेसरला न विचारता बाहेर पाठवत राहते. ईएसपी३२ मध्ये वाय-फायचे इंटरप्ट सतत येतात. तेथे दूरनियंत्रकाच्या अवरक्त संकेतांसाठी ठेवलेला आरएमटी हा भाग या कामी आला. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या आरपी२०४० या चिपमध्ये तर ठोक्याठोक्याने चालणारी आठ छोटी स्वतंत्र यंत्रे आहेत, आणि या पट्टीचा ड्रायव्हर त्यांतील एकावर अवघ्या चार आज्ञांत मावतो. चंदननगरचा रूळ जे काम फिरून करत असे, त्याचे हे सिलिकॉनमधले रूप म्हणता येईल.

येथे बेंगळुरूच्या परिषदेत मांडल्या गेलेल्या स्वप्नाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने वेगा मालिकेतील प्रोसेसर विकसित केले आहेत. त्यांपैकी तेजस३२ ही रिस्क-फाइव्ह चिप सेकंदाला १० कोटी ठोक्यांनी चालते आणि 'एरीज' बोर्डांवर बसवली जाते. तिचा एक ठोका १० नॅनोसेकंदांचा, शून्याच्या ०.४ मायक्रोसेकंदांत ४० ठोके बसतात. आर्डुइनो उनोला तेथे सहाच मिळतात. पण जुना असेंब्ली ड्रायव्हर या चिपवर जसाच्या तसा चालणार नाही : आज्ञासंच वेगळा, आज्ञांना लागणारे ठोके वेगळे, जोडण्यांची रचना वेगळी. शिवाय ३.३ व्होल्टचा संकेत ५ व्होल्टवर चालणाऱ्या पट्टीला नेहमी पुरतोच असे नाही. माहितीपत्रकानुसार तिला किमान ३.५ व्होल्ट हवे असतात. ही सगळी गणिते नव्या चिपसाठी नव्याने मांडावी लागतात, तपासावी लागतात आणि लिहून ठेवावी लागतात.

विद्यार्थी एखादा बोर्ड निवडतो तो ठोक्यांची संख्या पाहून नव्हे. हाती असलेली पट्टी, पडदा किंवा संवेदक त्यावर संध्याकाळपर्यंत चालेल का, हे तो पाहतो. आर्डुइनो जगभर पसरला त्यामागे शेकडो लोकांनी लिहून मोकळ्या हाताने वाटलेले ड्रायव्हर होते. स्वदेशी चिपांचे भवितव्य आरेखनकक्षांत आणि कारखान्यांत जितके ठरेल, तितकेच ते अशा छोट्या आज्ञावल्यांतही ठरेल. त्या लिहिण्यासाठी हजारो कोटींचे भांडवल लागत नाही. लागते ते माहितीपत्रक बारकाईने वाचण्याची सवय, एक ऑसिलोस्कोप आणि केलेले काम खुले ठेवण्याची वृत्ती. हे काम बेंगळुरूतल्या, पुण्यातल्या किंवा एखाद्या तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही आजच सुरू करता येण्याजोगे आहे.