ज्याचे नाव कळू दिले नाही

दिनांक 4 ऑक्टोबर 1957. कझाकस्तानच्या ओसाड माळावरील त्युराताम येथून रात्री एक प्रचंड अग्निबाण आकाशात झेपावला आणि मानवाने घडविलेला पहिला उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला. ‘स्पुटनिक’ म्हणजे अवघा 58 सेंटिमीटर व्यासाचा, 83.6 किलो वजनाचा धातूचा गोल. दर 96 मिनिटांनी त्याची एक प्रदक्षिणा होई, आणि त्याची ‘बीप-बीप’ हौशी रेडिओवाल्यांनाही ऐकू येई. एवढे आपण शाळेत शिकलो. पण तो घडविला कोणी, असे विचारले तर भलेभले गप्प होतात. यात त्यांचा दोष नाही. ते नाव जगाला कळू नये, अशी तजवीज सोव्हिएत सरकारनेच केली होती.

ते नाव सर्गेई कोरोलेव्ह. 1938 साली स्टालिनच्या दमनसत्रात या तरुण अभियंत्याला खोट्या आरोपांखाली अटक झाली. सैबेरियातील कोलिमाच्या सोन्याच्या खाणींवर त्यांनी सक्तमजुरी भोगली. उपासमारीने दात गेले, प्रकृती कायमची खचली. पुढे कैद्यांकडून विमानांची आरेखने करवून घेणाऱ्या तुरुंगात त्यांना ठेवले गेले. सुटका झाली 1944 मध्ये. माथ्यावरचे किटाळ मात्र 1957 मध्येच दूर झाले.

कोरोलेव्ह यांचा आर-7 हा अग्निबाण मुळात अमेरिकेपर्यंत अणुअस्त्र नेण्यासाठी होता. त्याचाच उपयोग त्यांनी अवकाशाच्या जुन्या स्वप्नासाठी करून घेतला. आधी टनाहून जड अशी प्रयोगशाळाच धाडण्याचा बेत होता. तिला विलंब होऊ लागला, आणि अमेरिकेने तर 1955 सालीच आपला उपग्रह सोडण्याचा मनोदय जाहीर केलेला. तेव्हा सहकारी तिखोनरावोव्ह यांच्या सूचनेवरून साधा, हलका गोल आधी सोडण्याचे ठरले.

गंमत अशी, की दुसऱ्या दिवशी ‘प्रावदा’ने ही बातमी बेतानेच छापली. अमेरिकेत उडालेली खळबळ पाहिल्यावर 6 तारखेला तिला ठळक मथळे मिळाले! मग चढाओढ लागली. 3 नोव्हेंबरला लायका कुत्री अवकाशात गेली. 6 डिसेंबरला अमेरिकेचा व्हॅनगार्ड अग्निबाण तळावरच पेटला. 31 जानेवारी 1958 रोजी एक्सप्लोररने तिची लाज राखली. त्याच वर्षी ‘नासा’ची स्थापना झाली, आणि गणित व विज्ञानाच्या शिक्षणासाठी अमेरिकेने खास कायदा करून पैसा ओतला.

अमेरिकेच्या व्हेर्नर फॉन ब्राउन यांचे नाव घरोघरी पोचले. कोरोलेव्ह मात्र केवळ ‘मुख्य रचनाकार’ राहिले. वर्तमानपत्रात लिहायचे तर तेही टोपणनावाने. गागारिन 1961 मध्ये अवकाशात गेला तोही त्यांच्याच अग्निबाणातून, पण जयजयकाराच्या वेळी ते नाव उच्चारले गेले नाही. 14 जानेवारी 1966 रोजी शस्त्रक्रियेदरम्यान त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर मात्र वृत्तपत्रांत नाव आणि छायाचित्र झळकले, अस्थींना क्रेमलिनच्या भिंतीत जागा मिळाली. ज्या राजवटीने त्यांना खाणीत धाडले, तिनेच त्यांचे यश मिरवले, आणि जिवंतपणी श्रेय तेवढे नाकारले.

स्पुटनिक 4 जानेवारी 1958 रोजी वातावरणात शिरून नष्ट झाला. त्याचे वजन आणि तारीख पाठ्यपुस्तकांत उरली. फळ्यावर ती तारीख लिहिताना शिक्षकांनी शेजारी कोरोलेव्ह हे नावही लिहावे. राष्ट्राच्या विजयाखाली माणूस कसा झाकला जातो, हाही इतिहासाचाच धडा आहे.