तिळाचें कडें आणि वऱ्हाडची चूल

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें आमचें जळगांव जामोद हें खानदेशांतील जळगांवाहून निराळें. तें वऱ्हाडांतलें, आणि ऐन-ई-अकबरींत नरनाळा सरकारांतील परगणा म्हणून नोंदलेलें. येथल्या स्वयंपाकघरास तीळ कांहीं नवा नाहीं. भोगीस तो बाजरीच्या भाकरीवर थापला जातो, आणि दुसऱ्या दिवशीं संक्रांतीस गुळाशीं त्याची गांठ पडते. असें असतां, आंबवलेल्या पिठाचीं, वरून तीळ लावलेलीं गोल कडीं गेल्या संक्रांतीस आमच्या घरीं भाजलीं गेलीं, तेव्हां वडील मंडळींनीं विचारलें, "हें कुठलें?" तुर्कांचें, एवढ्या उत्तरानें कोणाचें समाधान झालें नाहीं. त्या निमित्तानें जें वाचनांत आलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

या कड्यास तुर्की लोक 'सिमित' म्हणतात. शब्द मूळचा अरबी, 'समीद' म्हणजे निवडक पांढरें पीठ, यावरून आलेला. इस्तंबूलच्या दप्तरांत त्याचा उल्लेख १५२५ पासून सांपडतो; आणि १५९३ सालीं त्या शहराच्या आशियाखंडांतील उस्कुदार नांवाच्या भागांत काजीच्या दप्तरीं सिमितचें वजन व किंमत ठरवून दिल्याची नोंद आहे. ज्या जिनसाचें वजन काजीस ठरवावें लागतें, तो चैनीचा नव्हे, पोटाचा जिन्नस समजावा. पुढें सतराव्या शतकांत एव्लिया चेलेबी या प्रवाशानें इस्तंबुलांत सिमितच्या सत्तर भट्ट्या असल्याचें लिहिलें आहे. हीं कडीं तेथेंही मुख्यत्वें भट्टीवाल्याचीं. डोक्यावर थाळा घेऊन फिरणाऱ्या विक्रेत्याकडून तीं विकत घ्यावयाचीं. भाजण्यापूर्वीं तीं 'पेकमेज'च्या पाण्यांत बुडवून तिळांत घोळवितात. पेकमेज म्हणजे द्राक्षांचा रस आटवून केलेली काकवी. म्हणजे तीळ आणि गूळ यांचाच हा संयोग!

मग गहूं, तीळ, काकवी हें सर्व घरांत असतां असा पदार्थ आमच्याकडे कां झाला नाहीं? एक कारण चुलीचें. चूल आणि तवा यांची आंच खालून लागते. कड्यास ती चहूंबाजूंनीं पाहिजे. तशी भट्टी तापविण्यास सरपण इतकें लागतें कीं, एका कुटुंबापुरती ती पेटविणें परवडत नाहीं. म्हणून भाजलेला पाव हा नेहमीं दुसऱ्याच्या हातचा. आणि खरी अडचण येथेंच होती. गोमंतकांत पोदेर बांगडीच्या आकाराचीं कडक 'कांकणें' विकीत असे. पण तेथल्या पावाचें पीठ माडाच्या सुरेनें आंबविलेलें आणि भाजणारा ख्रिस्ती, तेव्हां सोंवळ्याच्या घरांत त्याचा प्रवेश कसा व्हावा? मुंबईस १८४९ च्या सुमारास निघालेल्या परमहंस सभेनें याच गोष्टीची कसोटी केली. सभासद होणाऱ्यानें ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावयाचा, असा तिचा नियम होता. परंतु हें सर्व गुप्तपणें. १८६० त सभासदांचीं नांवें फुटतांच सभा मोडली. त्यानंतर तीस वर्षांनीं, १८९० सालीं, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा आणि बिस्किटें पुढें आलीं, आणि रानडे व टिळक या दोघांचींही नांवें प्रसिद्ध होऊन मोठें ग्रामण्य माजलें. आज त्याचें हंसूं येतें. पण बहिष्कार म्हणजे घरच्या कार्यास भटजी न मिळणें, हें त्या काळच्या गृहस्थास हंसण्यासारखें नव्हतें. शिवाय आम्हांस असें वाटतें कीं, पाव खाणाऱ्यास निदान प्रायश्चित्त तरी होतें. तो भाजणाऱ्यास तेंही नव्हतें.

येथें एक चमत्कारिक योग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. शेवटच्या खलिफाची कन्या दुर्रुशहवार १९१४ त त्याच उस्कुदारांत जन्मली. १९२४ त हद्दपार झालेल्या पित्याबरोबर फ्रान्समध्यें राहिली, आणि १९३१ त नीस येथें निजामाच्या वडील पुत्राशीं तिचा विवाह झाला. १९३६ च्या करारानें निजामाच्या युवराजास वऱ्हाडचा किताब मिळाला, तेव्हां उस्कुदारची ही कन्या वऱ्हाडची युवराज्ञी म्हणविली गेली. वऱ्हाडचा कारभार मात्र १८५३ पासूनच इंग्रजांच्या हातीं होता! किताब आला, पण उस्कुदारचें कडें त्या वाटेनें आमच्या चुलींपर्यंत पोंचलें नाहीं.

तें पोंचलें विजेच्या लहान भट्टीमुळें. मैदा, पाणी, मीठ, थोडी साखर आणि यीस्ट यांचा घट्ट गोळा दुप्पट फुगला म्हणजे त्याच्या दोन दोऱ्या वळून एकमेकींस पीळ द्यावा आणि टोंकें जोडावीं. पेकमेजच्या जागीं आम्हीं उसाची काकवी घेतली. पहिल्या खेपेस तींत पाणी फार झालें आणि अर्धा तीळ ताटांतच उरला. दुसऱ्या खेपेस काकवी दाट ठेवून तीळ आधीं भाजून घेतला, तेव्हां तो नीट धरला. भट्टी चांगली तापलेली असली तर वीस मिनिटांत कडीं तांबूस होतात. आमच्या आत्याबाईंच्या माहेरीं पाव उंबऱ्याच्या आंत येत नसे. त्यांनीं पहिलें कडें मोडून चहांत बुडविलें आणि तीळ अजून कमी पडला म्हणून सांगितलें.