वुलिचची तोफ आणि नभोवाणीचे चौकोन

जबलपूरच्या मराठी वाचकाला तोफगाडी म्हणजे काय हे सांगावयास नको. १८७० साली मुंबईकडील आणि कलकत्त्याकडील लोहमार्ग याच गावी एकमेकांस मिळाले आणि १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना येथे उभा राहिला. छावणी तर त्याहून जुनी. लोहमार्ग, छावणी आणि कारखाना या तिघांनी या शहराला परमुलखातील माणसे दिली. आपल्यातील कित्येकांचे येथील वास्तव्यही त्यांच्याचमुळे. इंग्रजांच्या फुटबॉलचे चरित्र वाचू लागले की हीच तीन नावे पानोपानी भेटतात.

या खेळाचे लेखी नियम १८६३ साली लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने केले. ते करणारे लोक बड्या शाळांत शिकलेले, सुखवस्तू होते. १८७२ साली पहिल्या चषकाचा अंतिम सामना झाला, त्यात वाँडरर्स संघापुढे उभे होते लष्करातील रॉयल एंजिनियर्सचे अधिकारी. परंतु खेळाचा खरा विस्तार केला तो कामकऱ्यांनी. १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व मुले यांना शनिवारी दुपारी दोन वाजता सुटी मिळू लागली. हळूहळू ती अर्धी सुटी इतर कामगारांच्याही वाट्यास आली. या मोकळ्या दुपारीतून फुटबॉल वाढला. मँचेस्टर युनायटेड हा आजचा जगद्विख्यात संघ १८७८ साली न्यूटन हीथ येथील रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कामगारांनी काढला होता.

वुलिचच्या शाही शस्त्रागाराची कथा आपल्याला अधिक जवळची वाटेल. तेथे तोफा होत, तशा तोफगाड्याही होत. १८८६ साली तेथील 'डायल स्क्वेअर' या कार्यशाळेतील कामगारांनी एक संघ काढला. त्यांचा पुढारी डेव्हिड डॅन्स्किन हा स्कॉटलंडचा. काही गडी नॉटिंगहॅमहून नोकरीसाठी आलेले. तेथील जुन्या संघाने त्यांना लाल अंगरखे पाठविले आणि तोच या संघाचा रंग ठरला. म्हणजे लंडनच्या एका थोर संघाचा पाया घालणारे हात परगावचे होते, आणि त्याचा रंगही परगावहून आलेला! १८९३ साली 'वुलिच आर्सेनल' या नावाने हा संघ लीगमध्ये दाखल झाला. पुढे पैशाची चणचण भासू लागली. १९१३ साली त्याने थेम्स नदी ओलांडली आणि उत्तर लंडनमधील हायबरी येथे बिऱ्हाड केले. नावातील 'वुलिच' गळाले. तोफ मात्र बोधचिन्हावर आजही आहे.

इंग्रज पलटणींनी हा खेळ आपल्याकडे आणला. १८८८ साली सिमल्यास ड्युरँड चषक सुरू झाला आणि १८९१ साली मुंबईस रोव्हर्स चषक. आरंभी दोन्हीकडे गोऱ्या पलटणींचेच राज्य होते. १९११ च्या २९ जुलैस मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा हा केवळ खेळातील विजय नाही हे साऱ्या देशाने ओळखले. महाराष्ट्रात या खेळाने सर्वांत खोल मूळ धरले ते कोल्हापुरात. तेथील संघांची नावेच पाहा : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. कुस्तीच्या आखाड्यांनी आणि पेठांनी परका खेळ आपल्या घरात वाढविला. जबलपूरच्या वाट्यास मात्र हॉकीची कीर्ती आली. १९३२ व १९३६ ची ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणाऱ्या संघांतील रूपसिंग १९०८ साली येथेच जन्मले.

आता नभोवाणीकडे वळू. १९२७ च्या २२ जानेवारीस बी. बी. सी. ने फुटबॉलच्या लीग सामन्याचे पहिले धावते वर्णन ध्वनिक्षेपित केले, आणि योगायोग असा की तो सामना हायबरीवरचाच होता. आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड, निकाल १-१. वर्णनकार होते वेकलॅम. ऐकणाऱ्याला मैदान कसे दिसावे? 'रेडिओ टाइम्स' साप्ताहिकाने मैदानाचे आठ चौकोनांत विभागलेले चित्र आधीच छापले होते. वेकलॅम खेळ सांगत आणि त्यांचा सहकारी चेंडू कोणत्या चौकोनात आहे तो आकडा पुकारी. श्रोता घरी बसून चित्रावर बोट फिरवी. त्याच वर्षी २३ जुलैस मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. १९३२ च्या डिसेंबरात बी. बी. सी. ने साम्राज्यसेवा आरंभिली, ती मुख्यतः दूरदेशी नोकरीस गेलेल्या इंग्रजांसाठी. बदलीच्या गावी असलेल्या माणसाची घराची ओढ राज्यकर्त्यांनाही चुकली नव्हती.

परंतु या नव्या साधनाचे सर्वांनीच स्वागत केले नाही. घरी ऐकावयास मिळाल्यावर पावसात उभे राहण्यास कोण येणार, या भीतीने १९३१ च्या सुमारास लीगने आपल्या सामन्यांच्या ध्वनिक्षेपणास बंदी केली. १९६४ साली दूरचित्रवाणीवर 'मॅच ऑफ द डे' आले, १९९२ साली प्रीमियर लीग स्थापन होऊन प्रक्षेपणाच्या पैशाचा पूर लोटला. तरीही शनिवारी दुपारी इंग्लंडात सामना थेट दाखवू नये हा निर्बंध आजही पाळला जातो. लहान गावांच्या मैदानांवर प्रेक्षक उरावेत हा त्यामागील हेतू.

ही भीती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. दुरून ऐकल्याने ओढ जिवंत राहते, पण संघ जगतो तो मैदानावर येणाऱ्या माणसांवर. हायबरीस बिऱ्हाड केल्यावर आर्सेनलने वुलिचच्या लोकांची वाट पाहत दिवस काढले नाहीत. ज्यांनी शस्त्रागार कधी पाहिले नाही अशा उत्तर लंडनच्या लोकांनी ती तोफ आपली मानली, म्हणून संघ तगला. परप्रांतातील आपल्या मराठी मंडळांनी याचा विचार करावा. पुण्या-नागपूरचे कार्यक्रम ऐकून आपण मराठी राहू; परंतु येथेच जन्मलेली मुले, आणि कुतूहलाने डोकावणारा हिंदी शेजारी, यांना आपल्या गणेशोत्सवात आणि ग्रंथालयात जागा मिळाली नाही, तर पुढील पिढीच्या हाती केवळ चौकोनांचे चित्र उरेल; खेळ मात्र दुसरीकडेच चाललेला असेल.