चरातले गवत कोणाचे?

१/ अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रस्त्याकडेच्या चरातले गवत कोणी व केव्हा कापावे, या वादात २०१७ साली विधिमंडळाला हस्तक्षेप करावा लागला. वाद क्षुल्लक भासतो. त्याच्या मुळाशी मात्र एका लोपलेल्या गवताळ प्रदेशाचा इतिहास आहे.

२/ शेजारच्या आयोवा राज्याचा बहुतांश भाग एकेकाळी उंच गवताच्या ‘प्रेअरी’ने व्यापलेला होता. एकोणिसाव्या शतकात पोलादी नांगर आला आणि ती माती उलथली गेली. आज तिथे मूळ प्रेअरीचा हजारावा हिस्साही उरलेला नाही.

३/ १७८५ च्या अध्यादेशानुसार पुढे या भूमीची एकेक मैलाच्या चौकोनांत मोजणी झाली. त्या रेषांवरच ग्रामीण रस्ते आखले गेले. मधोमध वाट आणि दोन्ही कडांना पाण्याचे चर. या चरांत रानफुले तगली; जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांनाही आसरा मिळाला.

४/ कापणी लांबवण्याची कल्पनाही जुनीच. टेक्सासच्या महामार्ग खात्याने १९३० च्या दशकातच रानफुलांचा बहर ओसरेपर्यंत गवत न कापण्याचा प्रघात पाडला होता.

५/ मिनेसोटाच्या कायद्यानुसार शहरांबाहेर रस्त्यालगतचा ८ फुटांचा पट्टा केव्हाही कापता येतो. संपूर्ण चर मात्र ३१ जुलैनंतरच. आयोवात ही मर्यादा १५ जुलै आहे. या तारखा ठरल्या त्या पक्ष्यांच्या विणीच्या हंगामावरून.

६/ खरा पेच इथेच आहे. गवत कोवळे व सकस असते तेव्हाच त्यात अंडी उबत असतात. पिल्ले उडेपर्यंत थांबावे, तर गवत जून होते आणि चाऱ्याचा कस उतरतो. एकाच हंगामावर गाय आणि पक्षी दोघांचाही हक्क!

७/ २०१६ च्या अखेरीस मिनेसोटाच्या परिवहन खात्याने राज्य महामार्गांवरील कापणीसाठी परवान्याचा आग्रह धरला. शेतकरी संतापले. अनेकांचे म्हणणे असे, की जमीन आमची. शासनाला केवळ रस्त्यापुरता वहिवाटीचा हक्क. निसर्गप्रेमींनी पक्षी, मधमाश्या आणि मोनार्क फुलपाखरांची बाजू मांडली. अखेर विधिमंडळाने परवान्याच्या अंमलबजावणीला तात्पुरती स्थगिती दिली.

८/ दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे होते. लाखो एकरांची प्रेअरी नांगरली जात असताना पक्ष्यांची बाजू मांडणारे फारसे कोणी नव्हते. म्हणूनच पुढच्या पिढ्यांना काही फुटांच्या चरासाठी भांडावे लागले.